न कळण्याचा हक्क

बोरस्ते बहिणींच्या आवाजात फरक करणं त्यांच्या आईलाही कधी जमलं नाही. फोनवर नुसतं "आई" असं ऐकू आलं की ती आधी विचारायची, "कोण गं, हर्षदा का शलाका?" दोघींत सहा वर्षांचं अंतर. रूपानं तर त्या बहिणी वाटायच्याच नाहीत. थोरली हर्षदा लहान चणीची, शाळेत गणित शिकवणारी. धाकटी शलाका रुंद खांद्यांची. गंगापूर धरणाच्या पाण्यावर नाव वल्हवून तिनं राज्यासाठी पदकं आणली होती, आणि आता त्याच पाण्यावर ती मुलींना रोइंग शिकवत होती. आवाज मात्र दोघींचे एकाच साच्यातून काढल्यासारखे.

आई गेली आणि पुढच्याच वर्षी हर्षदाच्या आजाराला नाव मिळालं. आधी डाव्या पायाला मुंग्या येत. मग फळ्यावर लिहिताना हातातला खडू सुटायला लागला. एक दिवस शाळेच्या जिन्यात पायच उचलेना आणि मुलांनी धरून तिला खाली आणलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, डॉक्टर म्हणाले. हर्षदाचा नवरा सुहास सुरुवातीला नीट वागला. मग सहा महिन्यांच्या कामासाठी म्हणून बडोद्याला गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हा शलाकानं आपली भाड्याची खोली सोडली, दोन बॅगा उचलल्या आणि कॉलेज रोडवरच्या ताईच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. "थोडे दिवस," असं ती मैत्रिणींना म्हणाली होती. त्याला आता पाच वर्षं होत आली होती.

नाशिकच्या मज्जासंस्था संशोधन केंद्रात दोघी जायला लागल्या त्याही तेव्हापासूनच. तिथल्या अभ्यासात नाव असलेल्या रुग्णांना औषधं केंद्राकडूनच मिळत. या आजारात शरीराचे रक्षकच उलटतात. बाहेरच्या जंतूंशी लढायच्या पेशी आपल्याच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर चाल करून जातात आणि त्यांच्यावरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडतात. विजेच्या तारेवरचं प्लॅस्टिक सोललं जावं तसं. मग मेंदूनं हाताला धाडलेला निरोप वाटेत रेंगाळतो, विखुरतो, कधी पोहोचतच नाही. तो निरोप नेमका किती रेंगाळतो हे मोजायचं यंत्र केंद्रात होतं. आठच्या आकड्यासारखी एक तांब्याची कॉइल. ती डोक्यावर, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागाच्या बरोबर वर धरायची. कळ दाबली की 'टक्' असा आवाज होतो आणि क्षणभर एक जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून विनासायास आत जातं, आतल्या पेशींत इवलासा विद्युतप्रवाह उठवतं, आणि माणसानं मनात काहीही आणलेलं नसताना त्याचं बोट उडतं. दुखत नाही. हातावर चिकटवलेल्या पट्ट्या सांगतात की डोक्यातल्या त्या 'टक्'पासून बोटापर्यंत निरोपाला किती वेळ लागला.

तुलनेसाठी केंद्राला निरोगी माणसंही हवी होती, शक्यतो रुग्णांची सख्खी भावंडं. रक्त एक, घर एक, लहानपणीचं खाणंपिणं एक. शलाका म्हणाली, "नाहीतरी मी ताईला घेऊन येतेच. माझंही बोट उडवा." दर तीन महिन्यांनी ताईनंतर ती त्या खुर्चीत बसायची. ताईचं बोट उशिरा हलायचं, तिचं चटकन. "तुझ्या मेंदूला घाईच फार," हर्षदा हसून म्हणायची.

त्या मे महिन्यात उन्हाचा तडाखा भयंकर होता. एका सकाळी मुलींचा सराव संपवून शलाका काठावर आली तेव्हा उजव्या डोळ्यासमोर धुकं आल्यासारखं झालं. पाण्यावरच्या उन्हानं दिपलं असेल, असं तिला वाटलं. दोन-तीन आठवड्यांत ते निवळलं. पण उन्हातून चालून आलं की डावा पाय जरासा फरफटतो, हेही तिच्या लक्षात यायला लागलं. चपलेचा पुढचा भाग जमिनीला घासल्याचा आवाज यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर त्या दोघी केंद्रात गेल्या तेव्हा तिनं हे नव्या डॉक्टरांना सहज सांगितलं. डॉ. तन्वीर मणियार केंद्रात येऊन महिनाही झाला नव्हता. हर्षदा आतल्या खोलीत कॉइलखाली बसली होती. बंद दारातून मधूनमधून 'टक्' ऐकू येत होतं.

डॉक्टरांनी शलाकाचं सगळं ऐकून घेतलं. मग पडद्यावर तिची जुनी नोंद उघडून वाचली.

"शलाकाताई, तुमच्या निर्णयाचा आम्ही मान राखतोच," ते म्हणाले. "पण आता ही लक्षणं आली आहेत. तेव्हा मला विचारावंच लागेल. तो निर्णय तुम्हाला बदलायचा आहे का?"

"कोणता निर्णय?"

"न कळून घेण्याचा."

शलाकाला काही उलगडेना. त्यांना वाटलं, ती विसरली असेल. म्हणून त्यांनी नीट समजावून सांगितलं. केंद्रात काही वर्षांपासून एकाऐवजी दोन ठोके देऊन पाहत होते. आधी एक हलका, मागोमाग एक मोठा. हलक्या ठोक्यानं निरोगी मेंदू सावध होतो आणि मोठ्या ठोक्याला लगाम घालतो. मज्जातंतू सोलले जायला लागले की सगळ्यात आधी हा लगाम ढिला पडतो. तेव्हा हातपाय ठणठणीत असतात, कारण मेंदू आपल्या शिल्लक ताकदीतून उणीव भरून काढत असतो. हजारो लोकांच्या नोंदी जमल्यावर एवढं पक्कं झालं होतं की पहिलं लक्षण दिसायच्या दोन-चार वर्षं आधी आजार ओळखता येतो.

"असं निरोगी गटातल्या कुणात दिसलं, तर आम्ही ते थेट सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "माणसाला आपलं पुढचं न कळण्याचाही हक्क आहे. म्हणून आधी फोन करून विचारतो. तुम्हाला दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

"मला असा फोन आला नव्हता."

डॉक्टर अवघडले. "रेकॉर्डिंग आहे. आवाजाची पडताळणीही झालेली आहे. ऐकायचंय तुम्हाला?"

तिनं मान डोलावली. त्यांनी कळ दाबली.

केंद्रातल्या एका बाईचा आवाज आला. "शलाका बोरस्ते का?"

"हो, बोलतेय."

मग जन्मतारीख विचारली गेली आणि न अडखळता सांगितली गेली. बाई म्हणाली की चाचणीत तुमच्या पुढच्या आरोग्याबद्दल एक गोष्ट दिसली आहे, ती जाणून घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं.

"वाईट आहे?"

"तुम्ही हो म्हणेपर्यंत मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, जाणून घेतलंत तर त्यावर उपचार आहे. आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका चांगला."

"उपचार इथंच होतो?"

"नाही, सध्या फक्त बंगळुरूला. सहा महिने तिथं राहावं लागतं."

यानंतर आवाज थांबला. त्या शांततेत मागं एक पंखा टकटकत होता. शलाकाला तो पंखा ओळखू आला. त्यांच्या स्वयंपाकघरातला, वळताना ठेचकाळणारा. तिनं पुढं कधीतरी स्टुलावर चढून त्याला तेल घातलं होतं.

"सहा महिने," तो आवाज म्हणाला. मग म्हणाला, "नको. मला नाही कळून घ्यायचं. आणि कृपा करून पुन्हा फोन करू नका."

आवाज पडताळणारी यंत्रणा फसली, डॉक्टर फसले. जगात ताईखेरीज एकच माणूस होतं जे ऐकताक्षणी सांगू शकत होतं की ही शलाका नाही. पाण्यावर जाताना शलाका फोन घरीच ठेवायची. एक फोन धरणात बुडाल्यापासूनची ती सवय. सकाळी तो वाजला की ताई उचलायची.

"तुमचाच आवाज आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. आता त्यांच्या बोलण्यात काळजी होती.

आतून 'टक्' असा आवाज आला.

"हो," शलाका म्हणाली. "माझाच. आता बदलते निर्णय. सांगा काय ते."

त्यांनी सांगितलं. हर्षदाला आहे तोच आजार. मे महिन्यातलं डोळ्यासमोरचं धुकं हा बहुधा पहिला झटका. बंगळुरूच्या उपचारात शरीरातल्या चवताळलेल्या पेशी बाहेर काढून, मायलिन आपलंच आहे हे त्यांना नव्यानं शिकवून परत सोडतात. पहिल्या झटक्याआधी हे केलं तर बहुतेकांना पुढं काहीच होत नाही. झटक्यानंतर केलं तर आजार थांबतो, पण जे सोललं गेलं ते सगळं भरून येत नाही. हर्षदाइतका पुढं गेलेला असेल तर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

"म्हणजे दोन वर्षांपूर्वी..." शलाकानं वाक्य पुरं केलं नाही.

"मी त्यावर बोलू नये," डॉ. मणियार हळूच म्हणाले. "तो तुमचा हक्क होता."

परतीच्या वाटेवर विनाचालक गाडी स्वतःच चालत होती. शलाकाला एरवी अशी गाडी आवडायची नाही, आणि त्या दिवशी तर ती असह्य झाली. स्टिअरिंग हातात असतं तर निदान रस्त्याकडे पाहत बसता आलं असतं. शेजारी हर्षदा खुशीत होती. आज बोट बरंच लवकर हललं, नवा डॉक्टर गुणाचा आहे, असं काहीबाही सांगत होती. शलाका तिचा आवाज ऐकत होती. शब्द तिच्या कानावर येत नव्हते, नुसता आवाज येत होता.

घरी आल्यावर तिनं ताईला खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली, पाणी दिलं. सगळं रोजच्यासारखं. मग समोरच्या दिवाणावर बसली.

"ताई, दोन वर्षांपूर्वी केंद्रातून माझ्यासाठी फोन आला होता. तो तू घेतलास."

हर्षदानं पाण्याचा पेला खाली ठेवला. तो ठेवायला तिला वेळ लागला. "त्यांनी सांगितलं?"

"ऐकवलं. रेकॉर्डिंग असतं त्यांच्याकडे."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली. मग हर्षदा म्हणाली, "शलू, मला ज्या दिवशी कळलं ना, त्या दिवसापासून मी एक दिवस धड जगलेले नाही. हातून चमचा पडला तरी पुन्हा उचलून पाहायचे, पुन्हा पडतो का. पाय दुखला तरी वाटायचं, झालं, आला झटका. ते तुझ्या वाट्याला यायला नको होतं. तू सकाळी पाण्यावर जायचीस, येताना कणसं घेऊन यायचीस, त्या पोरींच्या नकला करायचीस. मला वाटलं, जितके दिवस हिला माहीत नाही तितके दिवस हिचे. आई असती तर तिनंही हेच केलं असतं."

हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. तेच शलाकाला सोसवेना. निव्वळ खोटं असतं तर सरळ उठून निघून जाता आलं असतं.

"उपचार कुठं असतो ते तू विचारलंस," शलाका म्हणाली.

हर्षदानं वर पाहिलं.

"बंगळुरू म्हणाली ती बाई. सहा महिने म्हणाली. मग तू थांबलीस, आणि मग नको म्हणालीस. तोवर तू नको म्हणाली नव्हतीस, ताई. मला त्रास होऊ नये म्हणून असतं, तर आधीच म्हणाली असतीस."

हर्षदानं मांडीवरचा हात दुसऱ्या हातानं उचलून नीट ठेवला.

"सुहासही सहा महिन्यांसाठीच गेला होता," ती म्हणाली.

"मी सुहास नव्हते."

"माहीत आहे. पण त्या वेळी माझ्यासमोर फोन होता आणि घरात मी एकटी होते. मला भीती वाटली."

"आणि नंतर? फोनला दोन वर्षं झाली. घरात आपण दोघी होतो."

हर्षदानं पेल्याकडे हात नेला आणि तसाच मागं घेतला.

"भोपाळचं बोलावणं त्याच्यानंतर महिन्याभरात आलं," शलाका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "देशाचा संघ तयार करायचं काम होतं. आयुष्यभर त्याची वाट पाहिली होती मी. माझ्या हातापायात चांगली किती वर्षं उरली आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं, तुला माहीत होतं. आणि ती तू तुझ्यासाठी ठेवून घेतलीस."

"मी तुला जा म्हटलं होतं, शलू."

"म्हटलं होतंस. भिंतीकडे तोंड करून."

हर्षदा रडायला लागली. शलाका जागची उठली नाही. पाच वर्षांत ताई रडते आणि ती उठत नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. थोड्या वेळानं हर्षदानं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "डॉक्टरांना काय सांगितलंस? अभ्यासातून माझं नाव काढून टाकतील का ते?"

शलाकाला आधी वाटलं की आपण नीट ऐकलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, नीटच ऐकलंय.

"माझाच आवाज आहे असं सांगितलं," ती म्हणाली. हर्षदाच्या चेहऱ्यावर सुटकेची जी लहर आली, ती बघायला नको म्हणून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

पुढच्या पंधरवड्यात तिनं सगळी व्यवस्था लावली. दिवसभर राहणारी बाई ठरवली, व्यायाम करून घेणारी मुलगी ठरवली, औषधं कुठं ठेवली आहेत ते दोघींना दाखवलं. हर्षदाशी ती कामापुरतं बोलत होती. निघताना ताईनं डब्यात लाडू भरून दिले. कुठं ठेवू, काय करू, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. शलाकानं डबा घेतला. रेल्वेत बसल्यावर शेजारच्या कुटुंबातल्या मुलांना तो देऊन टाकला.

बंगळुरूचं रुग्णालय स्वच्छ होतं, शांत होतं, आणि तिथं तिला कुणीही ओळखत नव्हतं. रक्त काढून घ्यायचे, त्यातल्या पेशींना शिकवून परत सोडायचे, मग ताप यायचा. ताप उतरला की कॉइलखाली बसायचं. पहिल्यांदा आपलं बोट उशिरा हललेलं तिनं पडद्यावर पाहिलं तेव्हा तिला वाईट वाटलं नाही, राग आला. हे मला दोन वर्षांपूर्वी दिसायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं. जी भीती ताईनं तिच्यापासून लपवून ठेवली होती, ती तिनं सोसली असती. रोज सोसली असती. पण त्या भीतीबरोबरच तिला एक पायही मिळाला असता, उन्हात न फरफटणारा.

हर्षदाचा फोन रोज यायचा. शलाका घ्यायची नाही. कधीतरी मजकूर पाठवायची, 'ठीक आहे' एवढाच. दिवाळीनंतर एके दुपारी तिनं फोन घेतला, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मी मणियारांना सगळं सांगितलं," हर्षदा म्हणाली. "तो आवाज माझा होता म्हणून."

"मग?"

"काढलं मला अभ्यासातून. औषधं आता सरकारी दवाखान्यातून मिळतील."

"का सांगितलंस?"

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस. ते मला रोज टोचायचं."

शलाका खिडकीशी उभी होती. खाली आवारात एक माणूस पाइपनं झाडांना पाणी घालत होता. ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी बोलले नाही, ताई. ते तोंडातून निघून गेलं. पाच वर्षांची सवय होती."

मग हर्षदानं विचारलं, "जेवलीस?"

"हो."

एवढंच बोलणं झालं.

उपचार संपला तेव्हा डॉक्टर समाधानी होते. आजार थांबला होता. डोळा जवळजवळ पूर्ण सुधारला होता. डावा पाय उन्हात आणि थकल्यावर कुरकुरणार, तो तसाच राहणार. शर्यतीची नाव आता तिच्या नशिबात नव्हती, पण काठावरून, मोटरबोटीतून शिकवायला काही अडचण नव्हती. तिनं भोपाळला फोन केला. ती जागा केव्हाच भरली होती. तिनं आपला आजार काही न लपवता सांगितला आणि दुसरं काही काम आहे का, असं विचारलं. लहान मुलींच्या गटासाठी सहायक प्रशिक्षक हवी होती. ती हो म्हणाली.

रुजू व्हायच्या आधी ती नाशिकला गेली. फ्लॅटच्या दारात उभी राहून तिनं बेल वाजवली. घराची किल्ली तिच्या पर्समध्येच होती. हात पर्सपर्यंत गेलाही होता, पण तिनं ती काढली नाही. दिवसभराची बाई बहुधा बाजारात गेली असावी, कारण आतून "आले" असं हर्षदाच्याच आवाजात ऐकू आलं. मग वॉकर सरकल्याचा आवाज. मग थांबणं. मग पुन्हा वॉकर. दिवाणखान्यातून दारापर्यंतचं अंतर शलाकाला पाठ होतं. या वेळेला ताईला कुठं अडखळायला होतं, कुठं भिंत धरावी लागते, सगळं पाठ होतं. ती बाहेर उभी राहून ऐकत राहिली.

कडी काढायला ताईला तीनदा प्रयत्न करावा लागला. दार उघडलं. हर्षदा बारीक झाली होती. केस नीट विंचरलेले होते. शलाकाला पाहून तिचा चेहरा उजळला आणि त्याच क्षणी गुडघा वाकला. शलाकाचा हात आपोआप पुढं गेला. तिनं ताईला कोपराजवळ घट्ट धरलं, वॉकर जवळ ओढला, आणि ताईच्या दोन्ही मुठी त्यावर पक्क्या बसेपर्यंत धरून ठेवलं.

"आलीस," हर्षदा म्हणाली.

शलाकानं हात काढून घेतला.

"सामान न्यायला आलेय," ती म्हणाली, आणि तिच्या बाजूनं आत गेली.